स्मरणाचे दप्तर

कोणत्याही महाविद्यालयाचा वार्षिकांक हाती घेऊन संस्थापकांचे छायाचित्र, अध्यक्षांचा संदेश आणि प्राचार्यांचे मनोगत ओलांडले, की काळ्या चौकटीतले एक पान लागते. त्या पानावर वर्षभरात दिवंगत झालेल्या देशभरच्या नेत्यांची, साहित्यिकांची आणि कलावंतांची नावे ओळीने दिलेली असतात, आणि अगदी अखेरीस ‘तसेच ज्ञात-अज्ञात माजी विद्यार्थी, प्राध्यापक व कर्मचारी’ एवढे शब्द येऊन ते पान संपते. ज्या माणसांना ते महाविद्यालय इतर कोणाहीपेक्षा अधिक जवळून ओळखत होते, त्यांचीच गणना त्याच्या पानावर अज्ञातांत व्हावी, ही विसंगती आमच्या मनाला दीर्घकाळ बोचत आली आहे.

आपल्या नगर जिल्ह्यात उच्च शिक्षण आले ते लोकांच्या पुढाकाराने आले. देश स्वतंत्र होत होता त्याच १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नगर शहरात अहमदनगर कॉलेज स्थापन केले. तोपर्यंत पाथर्डी, जामखेड, शेवगाव, पारनेर अशा अवर्षणग्रस्त भागातल्या मुलाने पदवीचे स्वप्न पाहावयाचे तर त्याला पुणे वा मुंबई गाठावी लागे, आणि ज्या घरात पुढच्या पावसाचीच शाश्वती नाही त्या घराला तो खर्च झेपण्याजोगा नसे. संगमनेरला १९६१ साली जे महाविद्यालय उभे राहिले, त्याच्या नावात आरंभीच ‘नगरपालिका’ हा शब्द आहे, आणि त्याच्या वाणिज्य व विज्ञान शाखांच्या नावांतून मालपाणी आणि सारडा या तिथल्या घराण्यांचे दातृत्व आजही वाचता येते. श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत येथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने महाविद्यालये काढली, आणि नगरमध्ये जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाने शिक्षणाचा तोच वसा पुढे नेला. दात्यांची नावे दगडावर कोरली गेली हे सर्वथा उचितच झाले. परंतु त्या दगडी भिंतींच्या आत ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांची नावे कोठे आहेत?

काहींची नावे टिकली, कारण बाहेरच्या जगाने ती टिकविली. प्रा. मधुकर तोरडमल हे नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवीत असत. पुढे ते रंगभूमीवर गेले, महाविद्यालयीन जीवनावरचे ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ त्यांनी लिहिले आणि गाजविले, आणि २०१७ च्या जुलैत ते निवर्तले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे स्मरण केले. त्याच कॉलेजशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते डॉ. जॉन बार्नबस हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जीवरसायन विभागाचे प्रमुख होते; मानवाच्या वंशावळीचा माग प्रथिनांच्या रचनेतून काढणारा जो शोधनिबंध मॉरिस गुडमन प्रभृतींनी १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्याचे ते एक सहलेखक, आणि १९७४ च्या शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराचे मानकरी. १९९४ साली त्यांचे देहावसान झाले. या दोघांच्या स्मृतीची चिंता वाहावयास रंगभूमी आहे, विज्ञान आहे. परंतु ज्या प्रयोगशाळा-सहायकाने वर्षानुवर्षे परीक्षानळ्या धुऊन, द्रावणे सिद्ध करून ठेवली म्हणून शेतकऱ्याच्या मुलांना रसायनशास्त्र हाताळता आले; ज्या ग्रंथपालाने नियमात बसत नसतानाही परीक्षेच्या मोसमात गरीब मुलाच्या हाती दुसरे पुस्तक ठेवले; ज्या कारकुनाने फीच्या मुदतीची तारीख उलटून गेल्यावरही अर्ज परत न करता साहेबांपुढे रदबदली केली; एखाद्या मुलाचा गावाकडून एसटीने येणारा भाकरीचा डबा चुकला त्या दिवशी वसतिगृहाच्या ज्या आचाऱ्याने त्या मुलासाठी ताट वाढून ठेवले, त्यांना त्यांच्या महाविद्यालयावाचून दुसरे कोण आठवणार?

येथे कोणी म्हणेल, की त्यांची नोंद तर दप्तरात आहेच. ती आहे, यात शंका नाही. प्रत्येक विद्यार्थी जनरल रजिस्टरात अनुक्रमांकाने दाखल होतो, आणि दाखला घेऊन बाहेर पडला की त्याच्या नावापुढची लेखणी उचलली जाते. प्रत्येक सेवकाचे सेवापुस्तक असते. त्यात नेमणूक, वेतनवाढ, रजा आणि निवृत्ती इमानेइतबारे लिहिली जाते. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात तो हयातीचा दाखला रुजू करतो, आणि तो दाखला आला नाही की निवृत्तिवेतन थांबते; मृत्यूची खबर कळली की सरकारी कागदात त्याच्या नावापुढे ‘मयत’ असा शेरा पडून हिशेब बंद होतो. अशा रीतीने ज्याने तीस-पस्तीस वर्षे महाविद्यालयाची घंटा वाजविली त्याच्या मृत्यूची वार्ता कोषागाराला पोहोचते आणि महाविद्यालयाला पोहोचत नाही. निवृत्तिवेतन चालू ठेवावे की थांबवावे, एवढेच कळून घेणे हे कोषागाराचे काम आहे आणि ते त्याने चोख केले. तो मनुष्य कोण होता हे सांगणे हे काम महाविद्यालयाचे होते.

लिहून न ठेवलेली स्मृती नुसती पुसट होते असे नाही, ती चुकीचीही होते, आणि याचे प्रमाण नगरकरांच्या डोळ्यांसमोर डोंगरावर उभे आहे. ज्या वास्तूला सारा जिल्हा ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखतो ती वस्तुतः निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. जो तेथे चिरनिद्रा घेत आहे त्याचे नाव लोकांच्या तोंडून गेले, आणि जिचा त्या जागेशी संबंध नाही त्या कीर्तिमान राणीचे नाव त्या कबरीला चिकटले. कीर्तिमंतांची नावे अशीच सामान्यांच्या जागा व्यापीत जातात. याउलट १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हा तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे होते, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. दोघेही साधे सेवक, परंतु कोणी तरी त्यांची नावे जतन केली, म्हणून त्या गाडीच्या इतिहासात त्यांना मानाची जागा मिळाली.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच आहे, की जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने दिवंगत माजी विद्यार्थ्यांची आणि सेवकांची एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तिच्यात प्राचार्य आणि शिपाई यांची पाने वेगळी नसावीत. ज्या क्रमाने माणसे गेली त्याच क्रमाने ती लिहिली जावीत. दुखवट्याच्या ठरावातील ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हे शब्द तिच्यात शक्यतो येऊ नयेत, कारण जे विशेषण सर्वांना लागते ते कोणाचेच राहत नाही. त्याऐवजी गाव कोणते, कोणत्या साली आले, काय शिकले वा काय काम केले, कोणते झाड लावले, कोणाची फी भरली, अशा एखाद-दोन खऱ्या गोष्टी ओळखीच्या माणसाकडून लिहवून घ्याव्यात. हजारो विद्यार्थ्यांचा मागोवा एका कार्यालयाने कसा घ्यावा, हा आक्षेप रास्त आहे. पण माजी विद्यार्थ्यांचे संघ आता जवळजवळ सर्वत्र झाले आहेत, आणि त्यांनी स्नेहमेळाव्यातील भोजनाइतकेच लक्ष याकडे दिले, प्रत्येक तुकडीने आपल्यापुरती आणि प्रत्येक गावाने आपल्यापुरती माहिती पुरविली, तर हे काम असाध्य नाही. वर्षातून एकदा, स्थापनादिनी, त्या वर्षी गेलेल्यांची नावे विद्यार्थ्यांसमोर वाचली जावीत. सर्वपित्रीला हिंदू घरातून तिथी न कळलेल्या पितरांचेही स्मरण होते, २ नोव्हेंबरला ख्रिस्ती बांधव आपल्या मृतांच्या थडग्यांवर फुले वाहतात, शब-ए-बारातला मुस्लिम कुटुंबे कबरस्तानात जातात. परंतु एकाच बाकावर बसलेल्या या सर्वांचे एकत्र स्मरण करण्याचा अधिकार केवळ त्यांच्या महाविद्यालयालाच आहे, आणि जो अधिकार आहे तेच त्याचे कर्तव्यही आहे.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या महाविद्यालयातील जे एक दिवंगत शिक्षक, सेवक किंवा सहाध्यायी आपल्याला आठवतात, त्यांच्याविषयी याच आठवड्यात एक पानभर मजकूर लिहावा, खाली आपले नाव, गाव आणि शिक्षणाचे वर्ष घालावे, आणि तो कागद प्राचार्यांच्या कार्यालयात नेऊन द्यावा. त्यांच्यापाशी अशी वही नसेल, तर आपला कागद हेच तिचे पहिले पान ठरावे.