पुस्तक तेच, मग फरक कुठे?

कॉन्व्हेंटमध्ये ॲडमिशन मिळावी म्हणून आपल्या मोहल्ल्यातले आईबाप काय काय करत नाहीत! ओळखी काढतात, कर्ज काढतात, स्वतः इंग्रजी वाक्यं पाठ करतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: इंग्रजी चांगलं होतं, शिस्त लागते. हे खरं आहे, पण अर्धंच.

राज्य मंडळाच्या कुठल्याही कॅथलिक शाळेतल्या पाचवी ते आठवीच्या मुलाचं दप्तर उघडून पाहा. गणित, विज्ञान, इतिहास, सगळी पुस्तकं बालभारतीची. भिवंडी-मालेगावच्या उर्दू शाळेतलं मूलही तोच अभ्यासक्रम आपल्या भाषेत शिकतं. मग फरक पडतो कुठे? तो पडतो पुस्तकाबाहेरच्या तासांमध्ये.

हे तास म्हणजे वेळ घालवायची करमणूक नाही. जेझुइट धर्मगुरूंनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी ‘रेशिओ स्टुडिओरम’ हा आराखडा पक्का केला, तेव्हा वादविवाद, पाठांतर आणि नाटक यांना शिक्षणातच जागा दिली. एकोणिसाव्या शतकात डॉन बॉस्को यांनी इटलीतल्या तुरिन शहरात रस्त्यावरची, कामाला जुंपलेली मुलं गोळा केली आणि मैदानाला वर्गाइतकंच महत्त्व दिलं. पुढे त्यात ब्रिटिश शाळांची ‘हाऊस’ची पद्धत मिसळली. आज आपल्याकडच्या कॅथलिक शाळांत वक्तृत्व, नाटिका, मार्चपास्ट, वृद्धाश्रमाची भेट हे सगळं दिसतं, ते असं तयार झालेलं आहे.

आणि आपण नेमकं तेच नाकारतो. फी पूर्ण भरतो, पण मुलगी सहावी-सातवीत गेली की शाळेत चिठ्ठ्या जायला लागतात. नाटकात नको. सहलीला नको. खेळाच्या सरावाला थांबणार नाही. दहा ते चौदा या वयात मूल लाजायला लागतं, मागच्या बाकावर सरकतं. शाळा त्याला पुढे ओढत असते आणि घर मागे. मुलग्यांना निदान गल्लीतलं क्रिकेट तरी असतं. मुलीकडे शाळेशिवाय दुसरं मैदान नसतं.

यावर उत्तर येतं धर्माचं. पोरं बिघडतील, ख्रिस्ती संस्कार होतील. ही भीती खोटी आहे असं म्हणून मी ती उडवून लावणार नाही, पण तिच्यावर उपाय आधीच लिहून ठेवलेला आहे. संविधानाचं कलम २८(३) सांगतं की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. अनेक शाळांत कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला जातात, तेव्हा बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. एप्रिल २०२४ मध्ये कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळच्या परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका वाचा, शाळेत सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा. एखादी शाळा तसं वागत नसेल, तर याच सूचना हातात घेऊन मुख्याध्यापकांना भेटता येतं. नाताळच्या नाटिकेत मुलाला पाठवायचं नसेल, तर तो तुमचा हक्क आहे. पण वक्तृत्व, खो-खो आणि विज्ञान प्रदर्शन यांत कुठला धर्म आला?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. आपल्या समाजातली हुशार मुलं येतात, कोड नीट लिहितात. पण ‘हा निर्णय का घेतलास?’ असं विचारलं की आवाज बसतो. ज्ञान कमी नसतं, चार लोकांसमोर आपलं म्हणणं मांडायची सवय नसते. ही सवय पंचविसाव्या वर्षी क्लास लावून येणं फार अवघड. बाराव्या वर्षी स्टेजवर दोनदा अडखळून ती सहज येते.

कॅथलिक शाळा आदर्श आहेत असं माझं म्हणणं नाही. फी अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातलं २५ टक्के जागांचं बंधन राहिलेलं नाही, त्यामुळे गरीब मुलाला तिथे हक्काने जाता येत नाही. म्हणजे सगळा मोहल्ला कॉन्व्हेंटमध्ये जाणार नाही, हे उघड आहे. बहुतेक मुलं आपल्याच संस्थांच्या शाळांत किंवा महापालिकेच्या उर्दू शाळांत शिकणार.

मग प्रश्न आपल्याकडे येतो. अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ची, म्हणजे संस्था उभ्या करणं आपल्याला नवीन नाही. गेल्या काही वर्षांत गावोगावी आपली इंग्लिश मीडियम स्कूल्स निघाली. टाय आला, बूट आले, फाटकावर मोठा बोर्ड लागला. पण वेळापत्रकात वादविवादाचा तास किती ठिकाणी आहे? मुलींसाठी खेळाच्या शिक्षिका किती ठिकाणी आहेत? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं इतर धर्मांची आहेत. शेजारच्या हिंदू किंवा बौद्ध घरातल्या पालकाला आपल्या शाळेत मूल घालावंसं वाटतं का, हेही ट्रस्टींनी एकदा स्वतःला विचारावं.

यासाठी नवी इमारत लागत नाही. आठवड्याला दोन तास आणि ते घेणारी माणसं लागतात. तुम्ही इंजिनिअर असाल, वकील, नर्स किंवा शिक्षिका असाल, तर महिन्यातले दोन शनिवार जवळच्या शाळेला द्या. सातवीच्या वर्गात विषय द्या, पाच मुलं बाजूने आणि पाच विरोधात उभी करा. त्यात निम्म्या मुली असतील याची काळजी घ्या. आणि घरात कुणी शाळेसाठी नकाराची चिठ्ठी लिहायला बसलं, तर आधी त्या मुलीला विचारा, तिला काय हवंय.