फॉरमॅट करण्याआधी



संगणकात व्हायरस शिरला की "फॉरमॅट मारा, सगळे साफ होईल" असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही. हार्ड डिस्क पुसून सर्व काही नव्याने भरले की व्हायरस बहुधा जातो. पण त्याबरोबर दाखले, गुणपत्रके, हजेरीही जाते. म्हणून आमच्या मते फॉरमॅटच्या आधी प्रत हवी.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली. न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही अडले. कंपनीने दहा दिवसांत ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले. मात्र या कामाला लागणारी एक मूळ नोंद सगळीकडे पुसली गेली होती. ती फक्त घाना देशातील एका सर्व्हरवर वाचली, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती!

वीज जाणे कणकुंबीला नवे नाही. पण नशिबावर का विसंबावे? दरमहा दोन सुट्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि लगेच त्या काढून कुलपात ठेवाव्यात. एक शाळेत, दुसरी अन्यत्र. संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कलाही व्हायरस लागतो.

जन्मतारीख आणि शिक्षणाचे माध्यम सांगणारा दाखला मागायला माणूस वीस वर्षांनीही शाळेतच येतो. सीमाभागातील मराठी शाळेने त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. विश्वस्तांनी दोन डिस्क मंजूर कराव्यात, ही विनंती.