जुना अहवाल सापडेल का?

विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या घरांतला जुना पण धडधाकट संगणक भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकणे केव्हाही शहाणपणाचे. पण मग ईमेलसाठी प्रोग्रॅम कोणता घ्यावा?

रक्ततपासणीचे अहवाल आणि विम्याची कागदपत्रे हल्ली ईमेलनेच येतात. त्यामुळे प्रोग्रॅमच्या रूपापेक्षा त्यातली पत्रे उद्या दुसरीकडे नेता येतील का, हे आधी पाहावे. लिनक्स मिंटबरोबरच येणारा थंडरबर्ड पत्रे ‘एमबॉक्स’ या खुल्या स्वरूपात ठेवतो; इतर अनेक प्रोग्रॅमना ती वाचता येतात. बहुतेक घरांना तोच पुरेसा आहे. कार्यालयाचे खाते एक्स्चेंजवर असेल, तर इव्होल्यूशनचाही विचार करावा.

मात्र ‘आयमॅप’ जोडणीत लोकलच्या गर्दीत मोबाइलवर चुकून पुसलेले पत्र घरच्या संगणकातूनही नाहीसे होते. म्हणजे ही प्रत बॅकअप नव्हे. महत्त्वाची पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. डॉक्टर तुलनेसाठी पाच वर्षांपूर्वीचा अहवाल मागतात, तेव्हा तो हाताशी असणे महत्त्वाचे. प्रोग्रॅम काय, पुन्हा बदलता येतो.