पेटीवरचं नाव वाचवा

बागायतदार बंधू-भगिनींनो,

ऐन हंगामात बाजारातली एखादी पेटी उघडून बघा. वर 'देवगड' छापलेलं, वरच्या थरात चार फळं अस्सल. खालचं फळ कापा. साल जाड, गर पिवळट. आंबा कर्नाटकातला! तिथल्या शेतकऱ्याचा यात दोष नाही, त्याचा माल त्याच्या नावाने विकावा. पण भाव हापूसचा लागतो आणि तो तुमच्या घरी येत नाही. फवारणीसाठी कर्ज तुम्ही काढता, रात्रीची राखण तुम्ही करता. पोरांची फी त्याच पैशांतून भरायची असते.

2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. काम तिथे संपलं नाही. मानांकन संस्थांच्या नावावर आहे. ते वापरण्याचा हक्क 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद झालेल्यालाच मिळतो. कलमं आजोबांनी लावलेली असली तरी नोंद हवीच. म्हणून नोंद करा. अर्जाची फी 2020 पासून अवघी 10 रुपये आहे. सातबारा, आधार घ्या आणि संस्थेत चला. शेजाऱ्यालाही न्या.

तिकडे 'वलसाड हापूस' नावाने मानांकनाचा अर्ज गेलाय. नोंदलेले बागायतदारच मूठभर असतील, तर आपली बाजू कोणाच्या बळावर मांडायची?

संस्थांच्या संचालकांनो, गोदाम ताळेबंदात दिसतं, नाव दिसत नाही. पण गोदाम पुन्हा बांधता येतं. मानांकनाचा हक्क कायद्याने विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. तो फक्त सांभाळता येतो. तेव्हा सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. नूतनीकरणाची तारीख एका माणसाच्या अंगावर टाका. बाजारात नजर ठेवायला आणि वकिलाला पैसे बाजूला काढा. खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, पण तक्रार तुम्हालाच करावी लागेल. देवगडच्या संस्थेने 2025 च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं. तसं करा, किंवा याहून चांगलं काही करा. गप्प मात्र बसू नका.

आणि मुंबई-पुण्याच्या ताई-दादांनो, पेटी घेताना बागायतदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. नसेल तर पुढच्या दुकानात जा.

अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातात, वेळ लागतो. मोहोराची वाट बघू नका. याच आठवड्यात अर्ज भरा.