पदोन्नतीचा वर्ग, समतेचा धडा

केंद्र सरकारने 2023 साली मालवीय मिशन सुरू केले आणि त्यातून प्राध्यापकांचे ऑनलाइन वर्ग भरू लागले. ठरविलेल्या आठ विषयांत विद्यार्थ्यांतील विविधता व समावेशक शिक्षण हाही विषय आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण कॅमेरा बंद ठेवून व्याख्यान ऐकायचे आणि पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र घ्यायचे, एवढ्याने जातिभेद जाणार आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने भेदभावाविरुद्ध 2012 सालीच नियम केले होते. तरीही 2016 साली रोहित वेमुला आणि 2019 साली डॉ. पायल तडवी आम्ही गमावले. नियम कागदावर होते, मनात उतरले नव्हते. म्हणून आमची मागणी आहे: वर्गात छोटे गट करा, तक्रार कशी हाताळावी हे प्रकरणे घेऊन शिकवा, आणि आखणीतच दलित-आदिवासी अध्यापकांना बसवा. संविधानाचे कलम 17 आधी शिकविणाऱ्यांनी शिकावे!