ताडपत्री, तणावा आणि रबरी दोरी

सहलीस किंवा शिबिरास निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सामानांत अलीकडे रबरी दोरी वारंवार दिसूं लागली आहे. आंत रबराचे बारीक धागे आणि वर विणलेलें कापडी आवरण, अशी तिची घडण असते. ताणली असतां ती सुमारें दुप्पट लांब होते व सोडतांच पूर्ववत् आखडते. ताडपत्रीच्या चारी कोपऱ्यांस ही दोरी लावावी, तिचे आंकडे झाडांना अडकवावे, कीं निवारा तयार झाला. गांठी शिकण्याचें कारण नाहीं व रात्रीं उठून दोऱ्या आवळण्याचेंही कारण नाहीं, असें तिच्या चाहत्यांचें म्हणणें आहे. उलटपक्षीं, जुन्या वळणाचे बालवीर-नायक म्हणतात कीं, रबर हें आळशाचें साधन असून तें शिबिरांत येऊंच देऊं नये. हा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्या छताखालीं दहाबारा वर्षांचीं मुलें निजावयाचीं असतात. तें मध्यरात्रीं पावसांत कोसळलें, तर भिजलेलीं अंथरुणें आणि कुडकुडणारीं मुलें यांची जबाबदारी कोणावर तरी येतेच. म्हणून उभय पक्षांचें म्हणणें नीट तपासून पाहणें इष्ट होय.

संध्याकाळीं ताठ बांधलेलें छत पहाटे सैल कां पडतें, हें प्रथम पाहूं. पूर्वीं तंबू सुती कॅनव्हासचे असत व त्यांचे तणावे, म्हणजे त्यांना ओढून धरणाऱ्या दोऱ्या, सुताच्या किंवा तागासारख्या वनस्पतींच्या धाग्यांच्या असत. हे धागे पाण्यानें फुगतात. आणि पीळ घातलेली दोरी जाडीनें फुगली कीं लांबीनें आखूड होते. रोम येथें १५८६ सालीं सेंट पीटरच्या चौकांत एक प्रचंड पाषाणस्तंभ उभा करण्यांत आला. त्या वेळीं दोरखंड दगा देऊं लागले असतां, त्यांवर पाणी ओतावें असें एका खलाशानें ओरडून सुचविलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तींतील शास्त्र खरें आहे. म्हणूनच पाऊस येण्यापूर्वीं तणावे किंचित् सैल करावे, अशी जुन्या शिबिरांतील शिस्त होती. तसें न केल्यास खुंटी उपटे किंवा कापड फाटे.

आजचें शिबिराचें हलकें छत पुष्कळदां नायलॉनचें असतें. हा धागा १९३५ सालीं अमेरिकेंत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत प्रथम तयार झाला. तो बळकट व हलका आहे खरा. पण पाणी शोषून त्याचें कापड वाढतें, म्हणजे सुताच्या दोरीच्या नेमकें उलट वागतें. सह्याद्रीच्या पठारावर डिसेंबरांत पाऊस नसला तरी रात्रीचें दंव एवढें काम करण्यास पुरेसें असतें. पॉलिएस्टरचें कापड पाणी फार कमी शोषतें, म्हणून तें इतकें सैलावत नाहीं. आपल्याकडील शेतकरी वापरतात ती प्लॅस्टिकची ताडपत्री पाणी शोषीत नाहीं. तिचें दुखणें निराळें. तिच्या कडेला बसविलेलीं धातूचीं कडीं एखाद्या जोराच्या हिसक्यासरशीं कापडासकट निघून येतात.

या दोन्ही दुखण्यांवर रबर गुणकारी आहे, हें कबूल केलें पाहिजे. कापड चार बोटें वाढलें कीं ताणलेलें रबर तितकें आखडतें आणि छत पुन्हा ताठ होतें. वाऱ्याचा झोत आला असतां साधी दोरी त्याचा हिसका जसाच्या तसा कड्यापर्यंत व खुंटीपर्यंत पोंचविते. रबर मात्र तो हिसका मऊ करून पोंचवितें. खेडोपाडीं सायकलच्या कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीनें ओझें बांधतात, त्यांतील मर्म हेंच. खड्ड्यांतून जातांना ओझें हललें तरी पट्टी सैल पडत नाहीं.

परंतु येथेंच थांबणें धोक्याचें आहे. रबर ताण राखतें तें स्वतः लांबून किंवा आखडून, आणि तें किती लांबावें याला त्याच्या ठिकाणीं कांहीं धरबंध नाहीं. स्प्रिंगेवर जितका भार तितकी तिची वाढ, हा रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतात. रबर तो नियम थोड्या ताणापुरताच पाळतें. तरी भार वाढला कीं तें लांबणार, हें निश्चित. आतां भार किती येतो तें पाहा. ताशीं ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारें ६ किलोग्रॅम असतो. ३ मीटर लांब व तितकीच रुंद ताडपत्री अशा वाऱ्यासमोर आडवी आली, तर तिच्यावर ५० किलोग्रॅमांहून अधिक भार पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं भार चौपट, म्हणजे २०० किलोग्रॅमांच्या वर जातो. अशा वेळीं केवळ रबरावर बांधलेलें छत शिडाप्रमाणें फुगून उठतें, आणि जितकें फुगतें तितका अधिक वारा धरतें.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही असाच आहे. छताच्या एक चौरस मीटर भागावर ५ सेंटिमीटर पाणी सांचलें, कीं तेथें ५० किलोग्रॅमांचें ओझें झालें. या ओझ्यानें रबर लांबतें, खळगा अधिक खोल होतो, त्यांत अधिक पाणी शिरतें व रबर आणखी लांबतें. हें सर्व खालीं निजलेल्या मुलांच्या डोक्यावर चाललेलें असतें! शिवाय ताणलेल्या रबरांत शक्ति सांठविलेली असते. खुंटी उपटली किंवा लोखंडी आंकडा निसटला, तर तो गोफणीच्या दगडासारखा सुटतो. अशा आंकड्यांनीं डोळ्यांस झालेल्या इजा नेत्रवैद्यांस चांगल्या परिचयाच्या आहेत. ऊन व हवा यांनीं रबर जुनें होऊन त्याचा जोर जातो, तो निराळाच. गेल्या वर्षीं विश्वासू ठरलेली दोरी यंदा तशीच असेल, असें धरून चालूं नये.

तेव्हां माझें मत असें कीं, रबर शिबिरांत अवश्य असावें. पण तें साध्या दोरीच्या जोडीला असावें, तिच्या जागीं असूं नये. मुख्य तणावा न लांबणाऱ्या चांगल्या दोरीचाच असावा. कोपऱ्याजवळ त्याच तणाव्याला सुमारें २० सेंटिमीटर लांबीचा रबरी तुकडा शेजारीं बांधावा. मात्र रबराच्या दोन गांठींमध्यें साधी दोरी ३० सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे तेथें तिला थोडी ढील राहील. तणावा ओढतांना रबर निम्मेंच ताणावें. म्हणजे कापड सैलावलें तर आखडण्यास आणि झोत आला तर लांबण्यास, दोन्हींकडे त्याला वाव राहतो. झोत फार जोराचा असला तर ढील संपते, साधी दोरी ताठ होते व पुढील सर्व भार आपल्यावर घेते. छताच्या मध्यावरची आढ्याची दोरी मात्र कधींही रबराची असूं नये. सारा उतार तिच्यावर अवलंबून असतो, आणि उतार राहिला तरच पाणी वाहून जातें. लोखंडी आंकडे तर शाळेच्या शिबिरांतून अजिबात वर्ज्य करावे.

रबर आलें कीं मुलें गांठी विसरतील, ही वडीलधाऱ्यांची भीति निराधार नाहीं. परंतु वर सांगितलेल्या रचनेंत गांठी कमी होत नाहींत, वाढतात. रबराच्या दोन्ही टोकांस न घसरणारी गांठ हवी, आणि खुंटीपाशीं ताण कमीजास्त करतां येईल अशी सरकती गांठ हवीच. ज्याला या येत नाहींत त्याच्या हातीं रबर देण्यांत अर्थ नाहीं.

पालकांस एक विनंति आहे. आंकड्यांच्या तयार दोऱ्या विकत घेऊन देण्यापेक्षां आपल्या मुलास किंवा मुलीस दहा मीटर चांगली दोरी व हातभर रबरी दोरी द्यावी. शिबिरापूर्वीं एका रविवारीं अंगणांत किंवा गच्चीवर ताडपत्री त्यांची त्यांना बांधूं द्यावी, आणि मग वरून बादलीभर पाणी ओतावें. पाणी कोठेंही न सांचतां उतारानें वाहून गेलें व एकही कोपरा जागचा सुटला नाहीं, तर मूल शिबिरास जाण्यास सिद्ध झालें असें खुशाल समजावें.