सरासरी कोणाची?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. अशा स्थितीत ‘आमच्या जिल्ह्यातील स्त्रियांच्या हिमोग्लोबिनची सरासरी बारा ग्रॅमवर आली,’ असे अमरावतीत वा अकोल्यात कोणी सांगू लागल्यास त्याची परीक्षा कशी करावी?

समजा, यदृच्छया निवडलेल्या शंभर स्त्रियांची सरासरी ११.६ भरली व प्रमाण विचलन १.५ निघाले. मग सरासरीची प्रमाण त्रुटी ०.१५, तफावत तिच्या अडीचपटीहून अधिक. दावा खरा असता तर केवळ योगायोगाने एवढी तफावत शंभरांत एकदाही पडणे कठीण. तो फेटाळलाच पाहिजे. पंचवीसच स्त्रिया तपासल्या असत्या, तर याच आकड्यांवरून तसा निर्णय देता आला नसता. आणि ‘दावा खोडला गेला नाही’ म्हणजे ‘दावा सिद्ध झाला’ असा डांगोरा पिटण्यास मंडळी मोकळी!

परंतु त्या शंभरजणी कोठल्या, हा प्रश्न गणिताहून वडील आहे. शहरातील शिबिरात ज्या येतील त्यांचीच मोजदाद झाली, तर पोटासाठी धारणी-चिखलदरा सोडून गेलेली कोरकू स्त्री हिशेबात येणारच नाही. मेळघाटचा नमुना स्वतंत्र घेतल्यावाचून अमरावती जिल्ह्याची सरासरी आमच्यापुढे कोणी ठेवू नये.